टीचरचा डबा

आईनंतर मुलाच्या आयुष्यातलं सर्वांत पवित्र नातं म्हणजे पहिल्या शिक्षिकेशी जुळलेलं नातं, आणि ते जन्मभर पुरतं. आमच्या मुलीच्या बाबतीत ते गणपतीपासून दसऱ्यापर्यंत पुरलं.

ती तेव्हा दोन वर्षांची होती. नवीन पनवेलमध्ये एका बंगल्याच्या तळमजल्यावर तिचं पाळणाघर होतं. पाळणाघर हा शब्द तिथे चालत नसे. ते चालवणाऱ्या मॅडम त्याला संस्कारकेंद्र म्हणत आणि स्वतःला संचालिका. "आम्ही इथे मुलं ठेवत नाही, आम्ही मुलं घडवतो," असं त्यांनी प्रवेशाच्या दिवशीच आम्हाला सांगितलं होतं. मला आणि बायकोला बेलापूरला आपापल्या ऑफिसात वेळेवर पोचायचं होतं. घडवता घडवता ठेवलीत तरी आमची हरकत नाही, असं मी मनात म्हणालो.

पहिल्या टीचर गेल्या तेव्हा पालकांच्या ग्रुपवर मॅडमचा संदेश आला: 'अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की आपल्या सर्वांच्या लाडक्या टीचर आता आपल्यात नाहीत.' कुणाच्या तरी बाबांनी लगेच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्यांच्यामागून बऱ्याच जणांनी हात जोडले. मीही जोडले. थोड्या वेळाने खुद्द टीचरचं उत्तर आलं, कारण त्यांना ग्रुपमधून काढायचं राहून गेलं होतं: 'मी खारघरला आहे. दुसरीकडे जॉइन झाले.' त्यावरही एकाने हात जोडले.

दुसऱ्या टीचरचं लग्न ठरलं आणि त्या चिपळूणला गेल्या. तिसऱ्यांना बी.एड.ला प्रवेश मिळाला. प्रत्येकीचं कारण इतकं चांगलं होतं की रागवायलाही जागा नव्हती. शिवाय त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहिलं की प्रश्न उलटाच पडायचा. एक पोरगं रडतंय, दुसरं चावतंय, तिसऱ्याने चड्डी ओली केलीय आणि भिंतीवर ओळीने थोर माणसांच्या तसबिरी. या बायका जातात का, याऐवजी त्या येतात तरी का, असं वाटायचं.

तिसऱ्या टीचर गेल्या तेव्हा मात्र आमच्या मुलीने तिथे जेवणं बंद केलं. रडणं नाही, हट्ट नाही. घास समोर आला की ओठ मिटायचे, ते संध्याकाळपर्यंत. घरी आली की अधाशासारखी खायची आणि रात्री पोट दुखतं म्हणून कण्हायची. मग ताप आला. बायकोने होती नव्हती ती सगळी रजा वापरली, आणि तिच्या साहेबांनी यापुढे जमणार नाही, असं गोड आवाजात सांगितलं. माझी आई पुण्याहून फोनवर रोज एक नवीन उपाय सांगायची. स्वतः येणं हा त्यात कधीच नसायचा, कारण तिचे गुडघे.

त्यातून आम्हाला बाहेर काढलं चौथ्या टीचरनी. त्या जवळच्याच गावातल्या होत्या, शेती आणि मासळीच्या घरातल्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण मला 'पप्पा' म्हणायच्या. तिथे सगळ्याच टीचर सगळ्याच बापांना पप्पा म्हणत. त्यांनी मुलीला भरवायचा प्रयत्नच केला नाही. "पप्पा, तुमी डबा द्या, पन ती खाईल असं समजू नका," असं म्हणून त्या तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि आपला भात जेवायला लागल्या. दोन-तीन दिवसांनी मुलीचा हात त्यांच्या डब्यात गेला. टीचरनी मुलांच्या डब्यातलं खाऊ नये, असा केंद्राचा नियम होता. मुलांनी टीचरच्या डब्यातलं खाऊ नये, असा नियम करायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे आमची मुलगी पावसाळाभर टीचरच्या घरचा भात जेवली आणि आमचा डबा टीचर घरी नेऊन त्यांच्या भाच्याला देत. मुलगी गुटगुटीत झाली. भाचाही झाला असावा.

ती बोलायलाही तिथेच लागली. माझी आई फोनवर विचारायची, "जेवलीस का गं सोनू?" मुलगी म्हणायची, "आमी जेवलो नाय."  आई मग मला विचारायची, "तिथे शिकवतं कोण?"

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी केंद्राच्या फाटकाबाहेर स्कूटर लावत होतो. एका मुलाच्या अम्मी तिथे उभ्या होत्या. कोकणी मुसलमान घरातल्या. नवरा दोह्याला, सासरचं पनवेलच्या बाजारात दुकान. आमची ओळख फाटकापुरतीच, पण रोजची.

"भाऊ, ही पण चालली," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"अहो कोण काय? आपली टीचर! कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात लागली. एसी आहे, रविवारची सुट्टी आहे, कुणाचं नाक पुसायला नको. मी तिला मुबारक म्हटलं आणि रिक्षात बसून रडले."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"या वेळी पुन्हा तसंच झालं, तर मी नोकरी सोडते," ती म्हणाली. "सोमवारी साहेबांशी बोलून टाकते."

"सोमवारीच कशाला? बघू ना."

"तू बघ. रजा माझी संपलीय."

 मी सरकारी कार्यालयात आहे. आमच्याकडे साधा टंकलेखक बदलून गेला, तरी जाणारा आणि येणारा दोघं एका टेबलाशी बसून कार्यभार देतात-घेतात. कपाटाच्या किल्लीपासून पाणी प्यायच्या पेल्यापर्यंत सगळं एकमेकांच्या हाती सोपवतात. संस्कारकेंद्रात मात्र जाणारी टीचर शुक्रवारी जायची आणि येणारी सोमवारी यायची. मॅडमचा तसा दंडकच होता. दोघींची गाठ पडली, तर जाणारी का चालली हे येणारीला कळेल, ही भीती असावी.

तेव्हा कार्यभार हस्तांतरण आपणच करायचं, असं मी ठरवलं. रविवारी कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याशी आम्ही, त्या अम्मी आणि त्यांचा मुलगा, जाणाऱ्या टीचर आणि येणाऱ्या टीचर. येणाऱ्या टीचर अकोल्याकडच्या होत्या, नवऱ्याला तळोज्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आलेल्या. त्यांचा नंबर जुन्या टीचरनीच मिळवून दिला. योजना अशी: जुन्या टीचरनी नेहमीसारखं जेवायला बसायचं, मुलीने त्यांच्या डब्यात हात घालायचा, मग नव्या टीचरनी हळूच शेजारी सरकायचं आणि जुन्यांनी हळूच उठायचं. सुरुवातीला मी दोन शब्द बोलणार होतो. समारंभांना नावं ठेवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे. आणि तरीही शनिवारी मी ते दोन शब्द आरशासमोर म्हणून पाहत होतो. बायकोने बाथरूमचं दार वाजवून विचारलं, "कुणाशी बोलतोयस?"

रविवारी सकाळी रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली आम्ही चटई टाकली. मुलगी जुन्या टीचरच्या मांडीवर जाऊन बसली आणि नव्या टीचरकडे पाठ केली.  मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आज आपण इथे जमलो आहोत ते एका विशेष..."

तेवढ्यात झाडावरून माकड उतरलं आणि जुन्या टीचरचा डबा घेऊन गेलं.

फार लांब गेलं नाही. समोरच्या दगडावर बसलं, झाकण काढलं आणि आमच्या मुलीचा भात खाऊ लागलं. पुरुष म्हणून मी उठलो. माकडाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बसलो. अम्मी म्हणाल्या, "भाऊ, बसा, तेच बरं." मुलीचा खालचा ओठ थरथरू लागला. बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सोमवार दिसत होता.

आणि नव्या टीचर ताडकन उठल्या. पदर खोचला, हातात चप्पल घेतली आणि दगडाकडे चालत सुटल्या. "ए, जाय ना बे तिकडे! लाज नाही वाटत का बे, लेकराचं खाऊन राहिला?"

माकडाला अकोल्याची सवय नव्हती. ते डबा टाकून झाडावर चढलं. मुलगी आधी दचकली. मग टाळ्या पिटत हसायला लागली, आणि टीचर परत येऊन बसल्या तशी त्यांच्याकडे टक लावून पाहू लागली. टीचरनी चप्पल घातली, हात धुतले, आपला डबा उघडला. मुलीकडे पाहिलंही नाही. पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी केली आणि स्वतःच खायला लागल्या. दुसरी गुंडाळी करून झाकणावर ठेवली. आम्ही सगळे उगाच डोंगराकडे बघत राहिलो. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा झाकण रिकामं होतं आणि मुलीच्या गालाला साखर लागली होती.

"मुद्दाम गोड आणलीत?" बायकोने नव्या टीचरना विचारलं.

"ह्यांनी सांगितलं ना फोनवर," त्या जुन्या टीचरकडे बोट दाखवत म्हणाल्या. "तिला तिखट चालत नाही, भरवायला जायचं नाही, आपण आपलं जेवायचं."

त्या दोघी गुरुवारपासूनच रोज बोलत होत्या. म्हणजे मी आरशासमोर उभा होतो, तेव्हा कार्यभार देऊन-घेऊन झालेला होता. कर्नाळ्याला यायचं कारण जुन्या टीचरनी नव्यांना असं सांगितलं होतं: "पप्पांना बरं वाटतं, तर जाऊ."

निघताना बायकोने आणि अम्मींनी मिळून जुन्या टीचरची ओटी भरली. खण बायकोने आणला होता आणि नारळ अम्मींनी दुकानातून. "माझ्या हातचा चालेल ना?" अम्मींनी विचारलं. टीचर म्हणाल्या, "भाभी, तुमच्या पोराने पावसाळाभर मला चावलाय. आता काय चालायचं राह्यलंय?" दोघी हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग मला पुन्हा डोंगराकडे बघावं लागलं.

सोमवारी दुपारी नव्या टीचरचा संदेश आला: 'पप्पा, बाईसाहेबांनी माझी पोळी खाल्ली. मी वडापाव मागवला.' मी तो बायकोला पुढे पाठवला. ती त्या दिवशी साहेबांशी बोललीही, पण एसीच्या गळतीबद्दल. दुसऱ्या दिवसापासून ती दोन डबे भरू लागली, एक मुलीचा आणि एक टीचरचा. मुलगी टीचरच्या डब्यातलं खायची. आतलं अन्न आमच्याच घरचं होतं हे तिला कधी कळलं नाही.

नव्या टीचरही पुढे गेल्या. त्यांच्यानंतर आणखी आल्या. पण जाणारी आता येणारीला आधी फोन करते, आणि मॅडम तिकडे पाहत नाहीत. ग्रुपवर 'जड अंतःकरणाने' मात्र त्या अजून कळवतात. आमची मुलगी आता शाळेत जाते. हात धुऊन जेवायला बसणं एकीचं आहे, झोपताना कान चोळणं दुसरीचं, आणि पुण्याला आजीच्या दारातल्या कुत्र्याला 'जाय ना बे' म्हणणं कुणाचं ते सांगायला नको. कुणाकुणाच्या घरच्या पोरी येऊन आमचं मूल थोडं थोडं वाढवून गेल्या. त्यांतल्या एकीचेही नीट आभार मानायला मला कधी जमलं नाही. जमवायला गेलो, तेव्हा माकड आलं.

मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर मी मुलीला घेऊन बाजारात गेलो, तर चौथ्या टीचर भेटल्या. त्या अजून कळंबोलीलाच आहेत. आता त्यांच्या हाताखाली दोन माणसं आहेत. त्या वाकून म्हणाल्या, "काय बाय, वळखलंस का?"

मुलगी माझ्या मागे लपली आणि तिने मला हळूच विचारलं, "बाबा, ह्या कोन हायेत?"

टीचरनी ते ऐकलं आणि त्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, "जेवतेस ना आता नीट?"

मुलीने जोरात मान डोलावली. तिचा शाळेचा डबा माझ्या हातातल्या पिशवीत होता. त्यातली भेंडी जशीच्या तशी होती.