डोळे पुसण्यापुरता अंधार

आमच्या फिल्म सोसायटीत एक जुनी रीत होती. सिनेमा संपला तरी दिवे लगेच लावायचे नाहीत. लोकांना डोळे पुसण्यापुरता अंधार राहू द्यायचा, मग चर्चा.

काल सिनेमातली म्हातारी मुलाची वाट बघता बघता वारली आणि पडदा काळा होताच सेक्रेटरींनी दिवे लावले. हल्ली चर्चेला वेळ पुरत नाही. आम्ही मुद्दे तयार ठेवूनच बसलो होतो. ‘शेवटचा शॉट जरा लांबलाय,’ असं कुणीतरी म्हणालंही. पुढच्या रांगेत मात्र पहिल्यांदाच आलेल्या एक बाई तोंडाला पदर लावून हुंदके देत होत्या.

पडद्यावरचं मरण आम्हाला आता नीट वाचता येतं. कॅमेरा कुठं होता, आवाज कधी थांबवला, सगळं सांगता येतं. इतकी वर्षं सिनेमे बघून नजर तयार झाली. तयार होता होता ती कशाकशाला सरावली, ते कुणी बघितलं नाही.

सगळे त्या बाईंकडे बघायला लागले, तसे त्यांनी घाईघाईनं डोळे पुसले.

“सॉरी हं,” त्या म्हणाल्या. “तुमचं चालू द्या.”

आणि आम्ही चालू केलं.