झोपवलं आहे

एक्स-रेमध्ये फुप्फुसं काळी दिसायला हवीत. आशिषची पांढरी होती. डॉक्टरबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, “धिस इज ए.आर.डी.एस.” म्हणजे फुप्फुसांना इतकी सूज येते की त्यांत पाणी भरतं आणि ऑक्सिजन रक्तात जाईनासा होतो. चार दिवसांपूर्वी माझ्या नवऱ्याला साधा फ्लू होता. मांडीवर लॅपटॉप घेऊन तो खोकत मीटिंग करत होता आणि मी त्याला ‘नाटकी’ म्हणाले होते. ते मला अजून खुपतं.

“वी विल पुट हिम टू स्लीप,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “अँड लेट द मशीन ब्रीद.” याला सेडेशन म्हणतात. औषध देऊन गाढ झोपवतात, म्हणजे घशातल्या नळीला शरीर झटापट करत नाही. ती नळी व्हेंटिलेटरला, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्राला जोडलेली असते.

सकाळचे आठ वाजले होते. वेटिंग रूममध्ये बसून मी सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, “आशिषला आज झोपवलं आहे. तो प्रभूच्या हाती आहे. सगळ्यांनी प्रार्थना करा.”

मराठी ख्रिस्ती वाचकांना चूक इथेच कळली असेल. बाकीच्यांना सांगते. आमच्यात माणूस मेला म्हणत नाहीत, प्रभूमध्ये झोपी गेला म्हणतात. कबरींवर तेच कोरलेलं असतं. मी जन्मापासून हे ऐकत आले, पण पंधरा वर्षं अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये राहून इंग्रजीत ऐकलेलं वाक्य तसंच्या तसं मराठीत उतरवलं आणि नवऱ्याला मारून टाकलं.

राहुरीजवळच्या आमच्या गावी तेव्हा संध्याकाळ होती. अर्ध्या तासात फोन थरथरायला लागला. ‘आपल्या दुःखात सहभागी.’ ‘पुन्हा भेटीची आशा.’ आशिषचा चुलतभाऊ सतीश याने आशिषचा लग्नातला फोटो काळ्या चौकटीत घालून पाठवला. खाली एक रेकॉर्डिंग होतं. ते लावलं तर आमच्या चर्चची घंटा. एक टोला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मयताची घंटा अशीच वाजवतात.

मला वाटलं, गेला. हॉस्पिटलने यांना आधी कळवलं आणि मी इथे दाराबाहेर कॉफी घेऊन बसले आहे. मी आयसीयूकडे धावले. नर्सने मला खांद्याला धरून काचेशी नेलं. “नो चेंज, हनी,” ती म्हणाली. त्याची छाती यंत्राच्या तालावर वर-खाली होत होती. मी खूप रडले, आणि मग मला माझाच मेसेज आठवला.

सासूबाईंना फोन लावला. मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मी अडखळत सगळं सांगितलं.

“म्हणजे श्वास चालू आहे?”

“मशीन देतंय, आई.”

“चालू आहे का नाही, तेवढं सांग.”

“चालू आहे.”

मग त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला. चाळीस वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, पोरांना दटावलेला आवाज. “उठा गं. रडणाऱ्यांनी अंगणात जा. प्रार्थना करायची त्यांनी बसा.” मला म्हणाल्या, “‘मुलगी मेली नाही, झोपली आहे’ म्हणून तिला उठवताना प्रभूनेही रडणाऱ्यांना आधी बाहेरच काढलं होतं. आता वाजलेली घंटा काही परत घेता येत नाही. तो उठेपर्यंत रोज उपासनेची वाजवायला सांगते.”

आणि रोज आमच्याकडे सकाळ झाली की सतीश चर्चमधून फोन करायचा. उपासनेची घंटा भराभर, सलग वाजते. मी फोन आशिषच्या कानाशी धरायचे. आईंचा विश्वास दांडगा होता, माझा नव्हता. मला त्या आवाजाखाली तो दुसरा, थांबून थांबून पडणारा टोला ऐकू यायचा. घरी डिशवॉशर वाजला तरी पुढच्या आवाजाची वाट बघत मी उभी राहायचे. लेकीने विचारलं, “मॉम, डॅड इज जस्ट स्लीपिंग, राइट?” मला हो म्हणता येईना. माझी प्रार्थना एवढीच होती की प्रभू, माझी चूक खरी करू नकोस.

नवव्या दिवशी ब्रीदिंग ट्रायल झाली. यंत्राचा जोर अगदी कमी करून रुग्ण आपणहून श्वास घेतो का ते बघतात. पहिल्यांदा आशिषला जमलं नाही. अकराव्या दिवशी जमलं. नळी काढल्यावर तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “मीटिंग कॅन्सल केली का?” मी इतकी हसले की नर्स बघायला आली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर घरी लिहिताना पहिला शब्द ‘जिवंत’ लिहा. बाकीचं नंतर. आणि माणूस घरी आला म्हणजे सगळं संपलं असं धरू नका. आशिष अजून जिना चढताना मध्ये थांबतो. रविवारी दुपारी सोफ्यावर त्याचा डोळा लागला की मी नाकापाशी बोट धरते.

गेल्या महिन्यात सकाळी सतीशचा मेसेज आला, “काकू प्रभूमध्ये झोपी गेल्या.” काकू म्हणजे माझ्या सासूबाई. मी लगेच फोन लावला आणि माझ्या तोंडून निघालं, “श्वास चालू आहे?”

सतीश म्हणाला, “नाही, वहिनी. या वेळी खरंच.”

आशिषने माझ्या हातातून फोन घेऊन स्पीकरवर टाकला. घंटा सुरू झाली होती. एक टोला, मग बराच वेळ काही नाही. मी वर्षभर जिला घाबरत होते तीच. आम्ही ती शेवटपर्यंत ऐकली.

“सत्या,” आशिष सतीशला म्हणाला, “कबरीच्या दगडावर झोपली असंच लिही. प्रभूने मला उठवलं, तर तिलाही उठवेल.”

हा शब्द मी जन्मभर ऐकला होता. खरा मला त्या सकाळी वाटला.