बोरकुटे सरांचा लिफाफा

आणि हे पण लेटच कळू दिलं ना, सर?

आपलं भांडण अजून संपलं नव्हतं. मधातच उठून गेले तुम्ही.

प्रार्थनेला लेट, पेपर तपासायला लेट, स्वतःच्या लग्नात नवरदेव लेट. हे तर तुम्हीच हसत सांगायचे. जायचं तेवढं मात्र लवकर उरकलं. रिटायरमेंटला चार वर्षं बाकी होती.

मित्रांनो, आलापल्लीचे आपले गणिताचे बोरकुटे सर गेले. मला काल कळलं, आईच्या फोनवर. तेरवी पण होऊन गेली. मी इकडे मोरबीत टाइल्सच्या भट्टीवर. आता सुट्टी मागून तरी काय करू?

मी सरांना बस स्टँडवर काय बोललो होतो, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं आहे. आज पूर्ण गोष्ट ऐका. मलाच काल कळली.

माझी लहान बहीण वंदना बारावीला शाळेत पहिली आली. नागपूरला एक कॉलेज होतं, होस्टेल फ्री. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, पण त्या फॉर्मची शेवटची तारीख मला पाठ होती. शनिवार.

फॉर्मसोबत सरांचं शिफारसपत्र पाहिजे. बंद लिफाफ्यात. जिथं चिकटवलं तिथं सरांची आडवी सही. लिफाफा उघडला तर पत्र बाद.

मी महिनाभर एसटीडीवरून डोकं खात होतो.

"वंदे, पत्र भेटलं का?"

"सर म्हणते, देतो."

"कवा देते? साल गेल्यावर?"

सरांची एक खोड होती. पोराचं घर पाहिल्याशिवाय पत्र लिहायचे नाहीत. "मार्क तं मार्कशीटवर दिसते बापू, मंग मी काय लिहू?" म्हणून सायकल काढून एकेका टोल्यावर, वाडी-वस्तीवर जायचे. म्हणूनच सगळ्यांची पत्रं लटकलेली.

शेवटी व्हायचं तेच झालं. फॉर्म बाद. वंदनाचं साल गेलं.

घरचे म्हणाले, सरांनी पत्र लेट दिलं.

दिवाळीला गावी आलो. बसमधून उतरलो तर सर समोरच टपरीवर चहा पीत होते. बॅग पण खाली ठेवली नाही मी.

"तुमच्यानं माह्या बहिणीचं साल गेलं सर. पगार कायचा भेटते तुम्हाले?"

अख्खा स्टँड पाहत होता.

"चुकलंच बापू. चहा घे."

"तुमचा चहा तुम्हीच ढोसा."

ढोसा म्हणालो मी. मास्तरला.

नंतर जेव्हा जेव्हा गावी आलो, सर दिसले की मी मान फिरवायचो. ते मात्र सायकलची घंटी वाजवायचेच. त्या घंटीचा पण राग यायचा मला.

काल आई फोनवर रडत होती. मला वाटलं, सरांसाठी.

मग म्हणाली, "बाबू, लेट सरानं नाई केलं. म्या केलं."

सरांनी लिफाफा बुधवारीच घरी आणून दिला होता. आयुष्यात एकदाच टाइमाच्या आधी! वंदना दाखला काढायला अहेरीला गेली होती. आईनं लिफाफा देवापुढे ठेवला. शुभ कामाचा कागद, चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावल्याशिवाय घराबाहेर कसा जाईल? वरून लावलं तर कॉलेजवाले पुसून टाकतील. म्हणून ब्लेडनं लिफाफा उघडला, आतल्या पत्राला कुंकू लावलं, आणि भाताच्या शितानं परत चिकटवला.

सही बरोबर मधून कापली. आईला वाचता येत नाही. तिला त्या रेघोट्याच.

वंदना संध्याकाळी आली आणि तिनं ती कापलेली सही पाहिली. सर तोवर मतदारयादीच्या ड्यूटीवर भामरागडकडे. दुसऱ्या दिवशी ती दोन बस बदलून पोचली. सरांनी तिथंच दुसरं पत्र लिहिलं. पण शाळेचा शिक्का कपाटात, कपाटाची चाबी हेडमास्तरकडे, हेडमास्तर गडचिरोलीला मीटिंगमध्ये.

पत्र नागपूरला पोचलं सोमवारी.

आई सरांसमोर हात जोडून उभी राहिली. "सर, पोरगा मले खाऊन टाकंन."

सर म्हणाले, "माहं नाव सांगा बाई. मी तसाबी लेटच असतो. कोणीबी मानंन."

मी मानलं.

काल मी फोनवरच ओरडलो, "इतके साल मले काऊन नाई सांगितलं?"

"तू आयकून घेत होता का? दारातून येताच शिंगं पुढे."

मग वंदनाला फोन लावला. "तू तं शिकलेली ना बे? तू काऊन गप्प?"

ती म्हणाली, "दादा, सरांनी शपथ घातली होती. म्हणे, आईचा राग धरंन तं पोरगा घरी येणार नाई. माहा राग धरंन तं शाळेत येणार नाई. शाळेत तो तसाबी कुठी येते?"

सर, भांडायला पण जागा ठेवली नाही तुम्ही.

वंदना पुढच्या साली त्याच कॉलेजात गेली. त्या वेळी सर पत्र उघडंच घेऊन घरी आले होते म्हणे. आधी आईला कुंकू लावू दिलं. मग लिफाफा चिकटवला आणि सही केली. आणि सर, मी तेव्हा इकडे तुम्हाला शिव्या घालत होतो.

वंदनाच्या नावानं मनीऑर्डर करून राह्यलो. ती शाळेत जाऊन बारावीच्या पोरांसाठी लिफाफे आणि टिकिटं देईल. आताच्या सरांना एकच विनंती. चिकटवायच्या आधी पोराच्या आईला बोलवा.

आणि वंदे, स्टँडवरच्या टपरीवर एक चहा ठेव सरांच्या नावानं.

लिफाफ्यांचे हजार, चहाचे तीन.

एक हजार तीन रुपये.