उपरण्याचं टोक धरून लोकसभेत

दिल्लीला मी जाणार नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पाऊस सरलेला, मिठागराचे वाफे साफ करायचे दिवस, दारात म्हैस नुकतीच व्यालेली, आणि आमचे हे म्हणतात, लोकसभा बघायला चल. बघायला म्हणे! उन्हात चकाकणाऱ्या मिठाकडे बघून बघून यांच्या डोळ्यांवर पडदा आलाय. माणूस आला की सावली हलल्यासारखं दिसतं, बाकी काही नाही. मी म्हटलं, तुम्ही बघणार काय?

तर म्हणाले, "बघायचा न्हाय गो. मना आपल्या गावाचा नाव तिथं ऐकायचा हाय."

आमचं गाव केवणीखार, उरणच्या बाजूला खाडीवर. तिन्ही अंगांनी पाणी, पण प्यायला थेंब नाही. गोडं पाणी पलीकडच्या गावातून होडीने पिंपात भरून आणायचं. भरती असली तर होडी जाते, ओहोटीला चिखलात रुतते, मग बायांनी हंडे डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखल तुडवायचा. या पाण्यासाठी यांनी घरोघर जाऊन एका अर्जावर सगळ्यांचे अंगठे घेतले होते. मीठ हे दिल्लीच्या सरकारचं खातं, म्हणून अर्ज तिकडे. आमच्या भागाच्या मेंबरांनी तो वाचला आणि लोकसभेत प्रश्न टाकला.

गावात मात्र हसणं चाललं होतं. पाटील चावडीवर यांना ऐकवायचा, "अर्ज दिल्लीला गेला व्हय? खाडीतच बुडला असंल, भरतीला वर येईल." हे हसण्यावारी न्यायचे. मीच चिडायचे. मग मेंबरांचा निरोप आला की अमुक दिवशी प्रश्न निघेल, यायचं तर पास काढून ठेवतो, राहायला माझ्या बंगल्याच्या मागची खोली आहे. बस, यांनी उपरणं धुवायला टाकलं. एकटे जाणार कसे? निघाले मी.

जाणाऱ्यांनी ऐकून ठेवा. मोऱ्याच्या बंदरातून सकाळच्या लाँचने मुंबईला उतरायचं, तिथून बोरीबंदर. दिल्लीची गाडी लांब पल्ल्याची, तिसऱ्या वर्गात बसायला फळ्या असतात, तेव्हा खाली घालायला घोंगडी न्या. हमाल खिडकीतून जागा धरून देतो आणि त्याचे पैसे मागतो, ते द्या, घासाघीस करत बसलात तर जागा जाते. मी तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि भाजलेले बोंबील घेतले होते. कसारा घाट संपला तशी पुरचुंडी सोडली. समोरची भुसावळकडची बाई पदर नाकाला लावून म्हणाली, काय मेलं घेतलंय बाई बरोबर? मी म्हटलं, मेलेलंच आहे, जिवंत असतं तर तिकीट काढावं लागलं असतं. अर्धा डबा हसला. पुढे तिनेच आम्हाला केळी दिली, आणि इटारसीला माझ्या हातात तांब्या देऊन यांच्यापाशी बसून राहिली, मी पाणी भरून येईपर्यंत.

त्या फलाटावरच्या नळाचं सांगते. चावी फिरवली की गोडं पाणी, कितीही. मी तांब्या भरला, ओतला, परत भरला. मागचे ओरडायला लागले तेव्हा हलले.

आग्र्याच्या पुढे थंडी चावायला लागली. आमच्याकडची थंडी ती थंडीच नव्हे. जुनी गोधडी तरी न्या, लाजू नका.

दिल्लीत टांगा केला. मेंबर वयाने आमच्या धाकट्या दिरासारखे, वकील, बोलायला गोड. वकिलाच्या गोड बोलण्याची मला धास्तीच असते. यांना हाताला धरून आत नेलं, चहा दिला. मग खरं ते सांगितलं. सभेत प्रश्न वाचून दाखवत नाहीत, नुसता आकडा पुकारतात. मंत्री उत्तर देतात, आणि त्यावर उलटा प्रश्न विचारायचा असतो, त्यात मी गावाचं नाव घेईन. पण आपला नंबर खाली आहे. अकराला प्रश्न सुरू होतात, बाराला बंद. तोवर पाळी आली तर आली.

मी विचारलं, आणि नाही आली तर? ते म्हणाले, तर उत्तर लेखी मिळतं. मी म्हटलं, लेखी यांना कसं दिसणार? हे म्हणाले, "येईल पाळी. थांबू की."

दुसऱ्या दिवशी लवकर निघालो. इमारत गोल आहे, मोठ्या थोरल्या परातीसारखी, भोवती खांबच खांब. बाहेर हिरवळीवर एक माळी रबरी नळीने पाणी मारत होता. प्यायचं पाणी, गवताला. मी तिथेच थबकले. हे आवाजाने ओळखून म्हणाले, पाणी पडतंय का गो? मी यांचा हात नेऊन त्या धारेखाली धरला. यांनी ओंजळ भरून पाणी चाखलं आणि नुसतं "गोडा हाय" म्हणाले. माळ्याने हटकलं नाही. भला माणूस.

आत सामान नेऊ देत नाहीत. छत्री, पिशवी, खायचं, सगळं खाली ठेवून घेतात. तेव्हा आधी पोटभर खाऊन जा. वर सज्जात बसवतात. तिथे बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, कठड्यावर हात टाकायचा नाही. आता बोलायचं नाही म्हटल्यावर मी यांना सांगू कसं, काय चाललंय ते?

त्याची तोड यांनीच काढली होती. आमच्या मिठागराला उघाडी असते, बांधातलं दार, समुद्राचं पाणी आत घ्यायला. एक माणूस बांधाच्या पलीकडे उतरून भरती बघतो, दुसरा अलीकडे दाराची फळी धरतो. मध्ये बांध आडवा, वाऱ्यात हाक पोचत नाही, म्हणून दोघांमध्ये दोरी. एक हिसका म्हणजे हुशार राहा. दोन म्हणजे फळी उचल. लांब ओढ दिली की पाणी आलं, काम झालं. आणि दोरी हलली नाही तर थांबायचं, जागा सोडायची नाही. डोळे गेल्यापासून फळीवर हे, भरतीवर मी. सज्जात यांनी उपरण्याचं एक टोक माझ्या मुठीत दिलं, दुसरं आपल्या. म्हणाले, आपला मेंबर उठला की एक दे, नाव घेणार असं वाटलं की दोन.

खाली हिरव्या गालिच्यावर बाकं, उंच खुर्चीत अध्यक्ष, मधल्या टेबलाशी लिहिणारे. लिहिणारे थोड्या थोड्या वेळाने उठतात, दुसरे येऊन बसतात, भातलावणीच्या रांगेत बाया बदलतात तशा. बोलणं सगळं इंग्रजी, मधून मधून हिंदी. आकडा पुकारायचा, मंत्री उठायचा, वाचायचा, की चार जण एकदम उभे. साखरेचं काहीतरी निघालं आणि ते संपेचना. एक बसला की दुसरा. माझा जीव वर-खाली. भिंतीवर घड्याळ. मी मनात म्हणत होते, अरे आटपा, साखर कुठे पळून चालली आहे? बहुतेक तोंडातून निघालंच, कारण पहारेकरी आला आणि बोट ओठांवर ठेवून गेला.

आमचे मेंबर कागद घेऊन बाकाच्या टोकाला सरकून बसले होते. उठायच्या बेतातच. मी टोक घट्ट धरलं. हे ताठ बसलेले, मान थोडी पुढे, उघाडीवर बसतात तसे.

बारा वाजले. अध्यक्ष काही बोलले, आणि सगळ्यांनी कागद उलटले. आमचे मेंबर मागे टेकले. त्यांनी वर आमच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

पाळी आली नव्हती.

मी तोंडाची फटकळ. जाऊबाईचा नवरा गेला तो निरोपही मीच दिला होता. पण तिथे माझ्याने उपरणं हलवेना. "नाही आली" यासाठी आमच्या दोरीत हिसकाच नाही. मी तशीच बसले, म्हणून हेही तसेच बसले. दोरी हलली नाही म्हणजे थांबायचं.

पहारेकरी आला, हळूच म्हणाला, माताजी, वेळ झाली, पास संपला. मी यांच्याकडे बोट दाखवलं, मग डोळ्यांकडे, मग दोन्ही हात जोडले. मग त्याने मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर आम्हाला बसवलं आणि पुन्हा आलाच नाही. जेवायच्या सुट्टीत सभा रिकामी झाली, आम्हाला व्हरांड्यात नेलं, परत आणून बसवलं. यांनी एकदाही विचारलं नाही. मी विचारलं, भूक लागली का, तर म्हणाले, फळीवर असताना कोण खातो?

दुपारी रेल्वेचं चाललं होतं. हिंदीत कोणी स्टेशनावरच्या पाण्याबद्दल बोलत होतं, तेवढं कळलं. आमच्या मेंबरांनी मागे वळून वर पाहिलं. आम्ही अजून तिथेच आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. हे उपरणं धरून तसेच ताठ. मेंबरांनी कागद खाली ठेवला आणि उभे राहिले.

मी एक हिसका दिला. यांनी आपलं टोक मुठीत आवळलं.

ते इंग्रजीत बोलायला लागले, भरभर. मला काही कळेना, दोन हिसके कधी द्यायचे? आणि मी देणार तोच, त्या सगळ्या इंग्रजीच्या मध्ये, स्वच्छ, "केवणीखार." अध्यक्षांनी काही विचारलं. मेंबर वाकून परत म्हणाले, "केवणीखार." मग अध्यक्ष जरा चढ्या आवाजात बोलले आणि त्या उंच खुर्चीतून, जाड आवाजात, तिसऱ्यांदा आमच्या गावाचं नाव आलं. सभा हसली. टेबलाशी लिहिणाऱ्याने मान वर करून चिठ्ठी पाठवली, मेंबरांनी तिच्यावर काही लिहून दिलं, गावाचं नावच असणार.

मला काही दिसेना. डोळे भरले होते, आणि हिसका द्यायचा राहूनच गेला. तेवढ्यात माझ्या मुठीतलं टोक ओढलं गेलं. हळू, लांब. पाणी आलं, काम झालं.

बाहेर पायऱ्यांवर मेंबर भेटले. मी विचारलं, ते मोठे साहेब काय म्हणाले? ते हसायला लागले. रेल्वेच्या चर्चेत मी मिठागर घुसवलं ना, म्हणून दम दिला. म्हणाले, सन्माननीय सभासदांनी केवणीखार सोडावं आणि रेल्वेवर यावं. मी म्हटलं, तुम्हाला बोल लागला आमच्यापायी. ते म्हणाले, वहिनी, सकाळपासून दादा बसून होते, मी कसा बसून राहणार? मग लेखी उत्तर त्यांनी यांना तिथेच मराठीत समजावून दिलं. पाण्याची पाहणी करायचा विचार आहे, एवढंच होतं त्यात. गोड बोलणाऱ्या वकिलाबद्दल मी जे म्हटलं ते मागे घेते. एकापुरतं.

परतीचं काय सांगू, गाडी तीच, फळ्या त्याच. यांना झोप छान लागली.

गावात पोचलो तर चावडीवर सगळे. पाटलाने विचारलं, काय दिलं दिल्लीने? यांनी सांगितलं, नाव घेतलं, तीनदा, आणि शेवटचं खुद्द अध्यक्षांनी, केवणीखार सोडा म्हणून. पाटील मांडीवर थाप मारून हसला, "सोडा म्हनला? एवढा लांब जाऊन ह्यो आणलास?"

हे म्हणाले, "सोडायला आधी हातात धरावा लागतो, पाटील. आजवर धरला कुनी होता?"

मग पाटलानेच विडी पुढे केली, आणि अध्यक्षांचा आवाज कसा होता ते परत सांगायला लावलं. अजून लावतो. आता आल्या-गेल्याला तोच सांगतो, जसा काही सज्जात तोच बसला होता.

गावात गोडं पाणी अजून नाही. पाहणीलाही कोणी आलं नाही. मी अजून होडीची वाट बघते, ओहोटीला चिखल तुडवते, आणि ती हिरवळीवरची नळी आठवली की डोकं फिरतं. जायचं तर जरूर जा, पण त्या माळ्याकडे बघू नका.

काल उघाडीवर होतो. भरतीला अवकाश होता. बांधाच्या पलीकडे मी एकटी, वारा भणभणतोय, हातात दोरी. मनात आलं, ओरडून विचारावं यांना, अहो, कधी येणार तो पाहणीवाला? पण हाक पोचत नाही. दोरी हातात धरून राहिले. पलीकडून तिला यांच्या हाताचं वजन लागत होतं, तेवढंच. ती हलली नाही.

म्हणजे थांबायचं. जागा सोडायची नाही.