भगवानरावांच्या रेडिओचे ट्विटर

आर्णीच्या बसस्थानकामागं देवसिंग राठोडचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान चालतं मोबाइलच्या कव्हरांवर. रेडिओ आता फक्त पाटीवर उरलाय. पण पस्तीस वर्षं कान लावून काम केलेला माणूस. नुसत्या खरखरीवरून कुठला टाका सुटलाय ते सांगतो. अशा विद्येला आजकाल फार मागणी आहे, म्हणजे वर्षातून एकदा.

यंदाची मागणी भगवानराव घेऊन आले. वय पाऊणशे, गावातले एकमेव संगीततज्ज्ञ. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलेली. सोबत पत्नी वच्छलाबाई आणि वडिलांच्या वेळचा लाकडी पेटीचा व्हॉल्व्हचा रेडिओ.

देवसिंगनं पेटी उघडली. दोन्ही बाजूंचे बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, म्हणजे ट्विटर, मेलेले होते. एकाचा कागद झुरळांनी खाल्लेला, दुसऱ्याची तार आतून तुटलेली. त्यानं मापाची नवी जोडी बसवली, मागचा कंडेन्सर बदलला. बासरी लागली तशी तो स्वतःच खूश झाला.

भगवानरावांनी डोळे मिटून ऐकलं. "नाई. वरचा सूर दबून राह्यला. तुले समजत नाई का?"

देवसिंगनं दुसरी जोडी बसवली. सूर दबलेलाच. मग नागपूरहून तिसरी मागवली. भगवानराव म्हणाले, "देवसिंग, आता तुह्या कानात दम नाई राह्यला."

एवढ्या मोठ्या तज्ज्ञाचं मत! देवसिंगनं ते मनावर घेतलं. जेवणावरचं मन उडालं. घरी बायकोला, सोनीबाईला, भांडी वाजवायला लावायचा आणि पाठ फिरवून ओळखायचा, ही वाटी, हा पेला. सगळं बरोबर यायचं, तरी विश्वास बसेना.

"मोठ्या मानसाले बरं वाटावं म्हून बहिरे होता का?" सोनीबाई म्हणाली.

शेवटी तो यवतमाळला जाऊन कान तपासून आला. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या वयाला इतके तल्लख कान मी पाहिले नाहीत." तपासणीत त्यांनी एक बारीक शिट्टी ऐकवली होती. परतीच्या एसटीत देवसिंग तिचाच विचार करत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं भगवानराव आणि वच्छलाबाईंना बोलावलं आणि मोबाइल वायरनं जोडून तसलीच शिट्टी रेडिओतून सोडली. शेजारचा चहावाला कानावर हात ठेवून धावत आला. वच्छलाबाईंनी पदर कानाशी दाबला. भगवानराव मात्र समाधीत बसल्यासारखे शांत.

"लाव ना आता," ते म्हणाले. "काहून थांबला?"

मग वच्छलाबाईच म्हणाल्या, "तीन वर्षं झाले, म्या सांगूनच राह्यली का यायले आयकू येत नाई. पन यायले थेच आयकू नाई आलं!"

भगवानरावांचा चेहरा पडला. तो पाहून देवसिंगला, तीन जोड्या बदलूनही, वाईटच वाटलं. त्यानं डॉक्टरांचा पत्ता कागदावर लिहून दिला.

पंधरा दिवसांनी भगवानराव कानात मशीन घालून आले. देवसिंगनं बासरी लावली. भगवानरावांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"हेच," ते म्हणाले. "बाबाच्या वक्ती असंच वाजे."

दुसऱ्या दिवसापासून ते गावभर सांगत सुटले, "देवसिंगच्यानं तीन डाव नाई जमलं. शेवटी मीच यवतमाळले गेलो, तवा कुठं रेडिओ दुरुस्त झाला."