जाऊबाई दिल्लीला गेल्या

महिला आरक्षणासाठी मी शहरात, आमच्या उस्मानपुऱ्यात दारोदार हिंडले होते. लोकसभेत, विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा हव्यात, हे आमच्या पक्षाचं धोरण भाजीवालीपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळ्यांना पटवत होते. "बायकांना काय कळतंय राजकारणातलं?" म्हणणाऱ्यांशी त्यांच्याच उंबऱ्यात उभी राहून भांडले होते. त्यामुळं विधेयक संसदेत आलं आणि पक्षानं आमच्या जिल्ह्यातून एका बाईला दिल्लीला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी मनातल्या मनात बॅगसुद्धा भरली.

नेलं माझ्या थोरल्या जाऊबाईंना. त्या फर्दापूरला शेती बघतात. पक्षाच्या एकाही सभेला कधी आल्या नव्हत्या.

"ताई, तुम्ही तर आपल्याच," पदाधिकारी म्हणाले. "पण तिथं गावाकडची, नऊवारीतली बाई दिसायला पाहिजे."

मी हसून "बरं" म्हणाले. घरी येऊन कुकर असा आदळला, की नवऱ्यानं स्वयंपाकघरात पाऊलच टाकलं नाही.

विधेयकावरच्या मतदानाच्या दिवशी आम्ही बायका पक्षाच्या कार्यालयात टीव्हीसमोर बसलो. विरोधकांनीही बाजूनं मतं दिली. विधेयक मंजूर झालं तशा बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, गुलाल उडाला. मी मात्र पडद्यावर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊबाईंचं हिरवं लुगडं शोधत होते.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "अगं, टाळ्या लई वाजल्या, पण मला काय बी समजलं नाय. टीव्हीवाले इचारायलेत. काय सांगू?"

'मला माहीत नाही' असं म्हणून फोन ठेवता आला असता. पण तो विषय निघाल्यावर मला गप्प बसवत नाही. जागा राखीव झाल्या, पण लगेच मिळणार नाहीत, आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, हे समजावलं. "म्हणा, आम्ही थांबू, पण विसरणार नाही."

थोड्या वेळानं त्या टीव्हीवर माझंच वाक्य बोलल्या, माझ्यापेक्षा छान. कार्यालयातल्या बायका म्हणाल्या, "काय बोलल्या बाई!" मी उठून टीव्हीचा आवाज कमी केला.

परत आल्यावर फर्दापूरला त्यांचा सत्कार झाला. जाऊबाईंनी माईकवर सरळ सांगून टाकलं, "मला हिनं शिकवलं. इचारायचं ते हिलाच इचारा." बायकांनी खरंच विचारलं. आमच्या भागाला बाईची जागा कधी, नवरेच कारभार करतील त्याचं काय? मी घसा बसेपर्यंत बोलले, आणि खूश होते.

मग फोटो काढायची वेळ आली. सगळ्याजणी जाऊबाईंकडं सरकल्या. त्यांनी मला हात धरून शेजारी ओढलं. त्या फोटोत मी हसलेली नाही.