डब्याखालचं नाव

गोहलपूरच्या आमच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायचं काम चालतं. मी भांडं धरायचो, बायको कॉम्प्युटरवर अक्षरं टाकायची, मशीनची सुई कोरायची. बायको गेली आणि तिची खुर्ची मला मिळाली. मला ती नको होती.

वर्षश्राद्धाला चार दिवस उरले होते. तिने माहेरून आणलेल्या पितळी डब्याच्या बुडावर तिचीच सही कोरायची होती. मुलगी पुण्याला असते, दुकानातला कॉम्प्युटर तिनेच बसवून दिलेला. तिने आईच्या स्वयंपाकाच्या वहीतली सही मशीनसाठी उतरवून पाठवली होती. तसा डबा दुसरा नाही. चुकीचं कोरलं तर पितळ परत भरून येत नाही.

त्या सकाळी पडद्यावर चौकट आली, अपडेट करायचं का. बायको दरवेळी ‘नंतर’ दाबायची. काहून, ते मी कधी विचारलं नाही. मी ‘होय’ दाबलं.

आधी जुनी वाटी लावून पाहिली म्हणून वाचलो. दोन अक्षरं नीट आली आणि सुई एकदम आडवी धावली. वाटीवर चर पडला, माझा अंगठा खरचटला. अंगठ्याचं काही नाही. इथे डबा असता तर, एवढंच डोक्यात आलं. खटका बंद केला, डबा उचलला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. मुलीला फोन लावला.

“बाबा, काय दाबलं?”

“होय दाबलं.”

ती म्हणाली, “अच्छा. कर्नल उडाला.”

“कोणता कर्नल? छावणीतला?”

“कॉम्प्युटरचा, बाबा. सगळ्यांना हुकूम सोडतो तो. सुईला हुकूम अगदी वेळेवर लागतो, म्हणून मी आपल्यापुरता वेगळा बांधला होता. अपडेटने त्याच्या जागी साधा आणून बसवला.”

“म्हणजे बदली झाली त्याची.”

“तसंच समजा.”

“पण तुझा कसा काढला त्याने? विचारलं नाही?”

“मी नाव बदललं नव्हतं नं. अपडेट पाठवणाऱ्या कंपनीचंच नाव राहू दिलं. त्याला वाटलं, आपलाच जुना आहे.”

मला राग आला. “आपलं नाव न घातलेली वाटी पंगतीत गेली की ज्याने उचलली त्याची. भांड्यांवर नावं घालणाऱ्याची पोरगी तू, आणि तुला हे समजू नये?”

“आई असती तर हेच बोलली असती,” ती म्हणाली.

तिने पुण्यात बसून माझा कॉम्प्युटर चालवला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता. रिकाम्या खुर्चीसमोर तो फिरताना मी उभ्याने पाहत राहिलो. दुपारपर्यंत कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहिला. तिने कर्नल पुन्हा बांधला, बसवण्यासाठी त्याचं गाठोडं केलं आणि विचारलं, “नाव काय टाकू?”

मी म्हणालो, “तुझ्या आईचं.”

कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. सुरुवातीला येणाऱ्या कर्नलांच्या यादीत सगळ्यात वर बायकोचं नाव इंग्रजीत आलं. तेवढं मला वाचता येतं.

“आता अपडेटला होय दाबा,” मुलगी म्हणाली.

“नाही दाबत.”

“बाबा, टिकतो का ते आत्ताच पाहून घेऊ. मी आहे नं फोनवर.”

बोट पुढे जाईना. ते नाव यादीतून गेलं तर माझ्याच हाताने गेलं असतं. “चलो, बाबा,” ती म्हणाली. मी डोळे मिटून दाबलं. बराच वेळ काही काही उतरत राहिलं, पडदा काळा झाला, उजळला. नाव वरच होतं. वाटी लावली, सुई सरळ चालली.

मग डबा लावला. शिकंजा डबा पक्का धरतो, तरी मी दोन्ही हातांनी धरून बसलो, बायको असताना बसायचो तसा. सही पूर्ण होईपर्यंत श्वास सोडला नाही.

श्राद्ध झालं. डबा आता स्वयंपाकाच्या ओट्यावर असतो, त्यात चहापत्ती भरली आहे. चौकट अजून येते. मुलगी म्हणते, आता खुशाल होय दाबा. मी ‘नंतर’ दाबतो.